कागदाबाहेरचा पाडा

आमच्या गावात माणसाची ओळख करून देताना आधी शेत सांगतात, मग आडनाव. आमचं शेत सगळ्यात खालचं. नायगावच्या पूर्वेला, खाडीच्या अंगाला जी खारजमीन आहे, तिच्यात गावाची भातखाचरं उतरत उतरत बांधापर्यंत येतात, आणि बांधाला टेकलेली शेवटची खाचरं आमची. शाळेत कुणी चिडवलं की मी कमरेवर हात ठेवून सांगायचे, आम्ही सगळ्यात खालचे आहोत. दुसऱ्या कुठल्याही गावात ही फुशारकी ऐकून लोक हसले असते. आमच्याकडे समोरचा गप्प बसायचा, कारण उघाडी खालच्यांच्या ताब्यात असते.

उघाडी म्हणजे बांधात पाण्यासाठी ठेवलेली वाट. भरती आली की तिच्यात लाकडी फळ्या सरकवायच्या, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की फळ्या उचलायच्या, म्हणजे साचलेलं पावसाचं पाणी खाडीत उतरतं. काम सोपं, भांडण अवघड. वरच्या शेतांना पाणी थांबलेलं हवं असतं आणि तेवढ्यात खालच्यांचं रोप कुजतं. कुणाचं ऐकायचं? आमच्या पूर्वजांना सहीसुद्धा करता येत नव्हती, पण त्यांनी या भांडणाचा एका ओळीत निकाल लावून ठेवला: बुडणाऱ्याच्या हाती फळी. ज्याचं शेत आधी बुडतं, तो ठरवणार. वरचा माणूस कितीही मोठा असो, पावसाळ्यात त्याने खालच्याला येऊन विचारायचं. पूर्वी आजोबांना विचारायचे, आता बाबांना विचारतात. बाबा उत्तर द्यायला जरा वेळच लावतात, आणि तो वेळ त्यांना आवडतो हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

आई जूचंद्रची. तिथे रांगोळीचा हात घरोघरी असतो आणि आईने तो मला दिला. हातातली चिमूट सैल न पडू देता सरळ रेघ ओढायला मी सहाव्या वर्षी शिकले. पुढे भूगोल घेतला, मग नगररचना, आणि आता गेली काही वर्षं मी मुंबईतल्या एका कचेरीत प्रदेशांच्या आराखड्यांचे नकाशे तयार करते. रस्ता कुठून न्यायचा, पाणी कुठे साठवायचं, हिरवा पट्टा कुणाच्या वाट्याला आणि कचरा कुणाच्या, हे मोठी माणसं ठरवतात. रेघ मात्र माझी असते, आणि ती चांगली असते, हे सांगायला मी लाजत नाही.

मध्यंतरी कचेरीने मला परदेशात तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. आशिया खंडातल्या आठ-दहा देशांतली माणसं जमली होती. एकाच खंडात काही भाग भराभर पुढे जातात आणि काही मागेच राहतात, मग आखणी करणाऱ्याने न्याय करायचा तो कसा, असा विषय होता. रोज सकाळपासून आलेख आणि तक्ते. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला आपापल्या मुलखातला एखादा नियम सांगायला लावलं. बाकीच्यांनी आपल्या सरकारच्या योजना सांगितल्या. मी फळ्यावर उतरती खाचरं काढली, बांध काढला, उघाडी काढली, आणि आमचा नियम सांगितला. टाळ्या पडल्या. नदीच्या मुखाशी राहणाऱ्या एका गृहस्थाने तर तो आपल्या लिपीत वहीत उतरवून घेतला आणि मला दोनदा म्हणून दाखवायला लावला. मी जी हरभऱ्याच्या झाडावर चढले, ती विमानातून उतरले तरी झाडावरून उतरले नव्हते.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आमच्या भागाच्या आराखड्याचा मसुदा जाहीर झाला. गावाच्या ग्रुपवर नकाशा आला, पण मोबाइलवर कुणाला काही उमगेना, म्हणून रविवारी देवळाच्या ओट्यावर मी तो मोठा छापून आणला आणि पसरला. महामार्गाच्या बाजूला भराव टाकून जी नवी गृहसंकुलं उठली आहेत, त्यांचं पावसाचं पाणी वाहून नेणारा एक रुंद नाला त्यात दाखवला होता. तो सरळ आमच्या खाचरांमधून उतरून आमच्याच बांधापाशी खाडीला मिळत होता. डोंगरपायथ्यापासूनच्या पाण्याला पूर्वी जिरायला रान होतं. आता ते सगळं फरशीवरून धावत येणार आणि आधी भरणार ते आमचं शेत. बाबांनी नकाशावर बोट ठेवून एवढंच विचारलं की यात भात होईल का. मी नाही म्हटलं.

हरकती द्यायला महिनाभराची मुदत होती. गावाने ते काम माझ्यावर सोपवलं. माझे काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, एरवी माझ्या शिक्षणावर टोमणे मारणारे, तेही म्हणाले की पोरीने आता शिक्षणाचं चीज करावं. मी केलं. कचेरीतून आले की बसायचे. नाल्याला खाचरांच्या आधीच वळण दिलं, बंद पडलेल्या मिठागराच्या कडेने दक्षिणेला नेलं आणि तिथल्या छोट्या खाडीत सोडलं. उतार मोजून दाखवला, लांबी किती वाढते ते दाखवलं, एकही घर पाडावं लागत नाही हे ठळक लिहिलं. हरकतीवर पहिली सही बाबांची, कारण आमचं शेत आधी बुडणार. त्याखाली सगळ्या गावाच्या.

सुनावणीला अधिकाऱ्यांनी माझा कागद टेबलावर पसरून बराच वेळ पाहिला. इतक्या नीट मांडलेल्या हरकती फार कमी येतात, असं ते म्हणाले, आणि पर्याय विचारात घेण्यासारखा आहे असा शेरा मारला. अंतिम निर्णय पुढच्या बैठकीत व्हायचा होता, पण गावात तो झाल्यातच जमा होता. देवीपुढे नारळ फुटला. काकांनी पेढे वाटले. मला बोलता बोलता कुणी 'साहेब' म्हणालं आणि मी ते नाकारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी माझा नकाशा मागून घेतला, ओसरीवर बसून चष्मा लावला आणि नाल्याच्या रेघेवरून बोट नेत नेत ते कागदाच्या कडेपाशी थांबले.

"बाय, तुझे नाल्याचे खाली कोन हाय?"

मी म्हटलं, खाडी.

"तिचे आधी?"

मी पुढे होऊन पाहिलं. आधी काही नव्हतं, कारण कागद तिथे संपत होता. मी तसं सांगितलं, जरा तोऱ्यातच सांगितलं.

"कागद संपला म्हनून पानी थांबतंय का?" बाबा म्हणाले, आणि चपला घालून बाहेर पडले. मी त्यांच्या मागे.

आम्ही बांधावरून चालत गेलो. मिठागराच्या मोडक्या वाफ्यांना वळसा घालून पुढे गेलं की जमीन आणखी एक पायरी उतरते, हे मला पायांनी माहीत होतं. तिथे वीस-एक घरांचा पाडा आहे. मिठागर चालू होतं तेव्हा तिथली माणसं मीठ ओढायची. आता कुणी मासळी पकडतं, कुणी संकुलांमध्ये धुण्याभांड्याला जातं. आणि दर वर्षी कापणीला ही माणसं आमच्या शेतावर येतात. मी त्यांना नावानिशी ओळखते. त्यांच्यातल्या एका बाईने मला लहानपणी खेकडा कसा धरायचा ते शिकवलं आहे. एवढं असून, महिनाभर त्या नकाशावर वाकून बसलेल्या मला ती माणसं एकदाही आठवली नाहीत. माझ्या नाल्याचं सगळं पाणी त्यांच्या दारात उतरत होतं.

मी सबबी शोधत राहिले. मूळ मसुद्याच्या पानावरच पाडा नव्हता. पानाची चौकट त्याच्या अलीकडे येऊन संपत होती, आणि पलीकडच्या पानावर मिठागराची जागा नुसती रिकामी सोडली होती. पण मी काही चौकटीवर विश्वास ठेवणारी परकी बाई नव्हते. खरं कारण वेगळं होतं आणि ते कबूल करताना आजही कान तापतात. खालचे म्हणजे आम्ही, हे माझ्या हाडीमाशी इतकं भिनलं होतं की आमच्याही खाली कुणी असेल हे मनात आलंच नाही. असली चूक करायला सगळ्यात खालच्या घरातच जन्म घ्यावा लागतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. खंडभरच्या लोकांना मी नियम शिकवून आले आणि घरी पहिल्याच पेपरात नापास झाले.

हरकत मागे घ्यायची तर नाला पुन्हा आमच्या शेतावर येणार होता. बाबांचं वय झालं आहे, पण अजून पेरणी-लावणी ते स्वतः करतात. ती खाचरं गेली तर ते काय करतील, या विचाराने मला दोन रात्री झोप नाही. मीच एकदा म्हटलं की थोडं थांबून पाहू, कदाचित पाड्याची माणसं स्वतःच हरकत घेतील. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य अर्ध्यावर सोडलं.

रविवारी पुन्हा गाव ओट्यावर जमलं. बाबांनी सरळ सांगितलं की पहिली सही त्यांची आहे आणि ती ते काढून घेत आहेत. मग जे व्हायचं ते झालं. कुणी म्हणालं, हातातोंडाशी आलेला घास आहे. कुणी म्हणालं, पाड्याला मुदत नव्हती का, आणि एकाने मला ऐकवलं की शिकलेल्या माणसांनी आधी विचार करून मग रेघा ओढाव्यात, जे बरोबरच होतं. सगळ्यात चिडले ते काका. त्यांचं म्हणणं असं की फळीचा नियम बांधाच्या आतला. पाडा बांधाच्या बाहेर. बाहेरच्यांना तो लावायचा म्हटलं तर मग खाडीपलीकडच्यांनाही लावा आणि समुद्रालाही लावा. लोक हसले. काकांचं बोलणं मनातून पुष्कळांना पटलं होतं, मलाही थोडंसं पटावंसं वाटत होतं.

बाबा चिडले नाहीत. ते उठून उभे राहिले.

"मग उद्यापासून उघाडी वरच्यांनी सांभालावी. बांधाचे आतच खरा असेल तर त्यो नियम नाय, सवय हाय."

उघाडी आमच्या घराकडून काढून घेण्याची गोष्ट आजवर कुणी भांडणातही काढली नव्हती, आणि ती आता बाबांनी स्वतःच काढली होती. मी त्यांच्या शेजारी बसले होते. मला भीती वाटली, आणि त्या भीतीतच मला त्यांचा असा अभिमान वाटला की रडू येईल म्हणून मी मान खाली घातली. शेवटी काकाच बोलले. पाड्यावर निरोप कोण नेणार, असं त्यांनी विचारलं. कुणी उत्तर द्यायच्या आत ते स्वतःच पुटपुटत उठले, मोटरसायकल काढली आणि अर्ध्या तासात मागे एका बाईला बसवून घेऊन आले. मला खेकडा धरायला शिकवणारी तीच बाई. हातावरचा साबणाचा फेससुद्धा तिने नीट पुसला नव्हता.

तिला वाटलं कापणीच्या मजुरीचं काही बोलायचं आहे. मी नकाशा पसरला, माझी रेघ दाखवली, आणि कागदाबाहेर ओट्याच्या फरशीवर बोट ठेवून सांगितलं की तुमची घरं इथे आहेत. ती रागवेल असं वाटलं होतं. तिने काही वेळ कागद पाहिला, मग फरशी पाहिली, आणि नाल्याच्या वरच्या टोकावर, संकुलांवर बोट ठेवलं.

"पानी यांचा हाय ना? मग यांनी आपले दारान ठेवावा, हलू हलू सोडावा. तुमी पन जगाल न आमी पन."

हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. पाणी जिथे पडतं तिथेच धरायचं, वरच्या अंगाला साठवणतलाव करायचे, खाली सावकाश सोडायचं. त्यावर एक अख्खा दिवस तास झाले होते आणि माझ्या वहीत त्याची सुबक आकृतीही आहे. पण मी माझं शेत वाचवायच्या नादात वर पाहिलंच नव्हतं. नाल्याला ढकलायचा तर बाजूच्याकडे ढकलायचा, हीच माझी सगळी हुशारी. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

नवा कागद करायला बैठकीपर्यंत आठवडा होता. मी दोन पानं जोडली, पाड्याचं पान मूळ पानाला मागून चिकटवलं, आणि त्यावर घरन् घर काढलं. त्यासाठी दोन संध्याकाळी पाड्यावर जाऊन घरं मोजली. तिथल्या पोरींनी कुठलं घर कुणाचं ते सांगत मला हिंडवलं. वरच्या अंगाला, संकुलांच्या मोकळ्या जागेत दोन साठवणतलाव दाखवले. उरलेल्या पाण्याला अरुंद नाला हवाच होता, आणि कसाही वळवला तरी तो कुणाच्या तरी शेतातून जाणारच होता. सगळ्यात कमी नुकसान होत होतं ते आमच्या खाचराच्या एका कडेने नेला तर. ती रेघ मी तीन वेळा खोडली. आई चहा घेऊन आली, मागे उभी राहून पाहत होती. म्हणाली, "आपलाच शेत कापलास." मग कप ठेवून, "पन रेघ सरल ओढलीस."

बैठकीला गावातून एक गाडी भरून गेली. या वेळी सह्या गावाच्या आणि पाड्याच्याही होत्या, आणि पहिली पाड्यावरच्या त्या बाईची होती. संकुलांकडून आलेल्या गृहस्थांनी सांगितलं की त्यांच्या रहिवाशांना तलाव नको, बाग हवी आहे, आणि आधी मंजूर झालेल्या गोष्टी अशा बदलायला लागलो तर अर्थ काय. तेही सभ्यपणे बोलत होते. पाणी आपल्या दारातून निघालं की संपलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि महिन्यापूर्वी मलाही तसंच वाटत होतं, त्यामुळे मला त्यांच्यावर धड रागवताही येईना. मी उठून त्यांना म्हटलं की तलावाच्या कडेने बाग होते, मी काढून देते. ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बाबांना जवळ बोलावलं. त्यांनी समजावून सांगितलं की पहिल्या पर्यायात तुमच्या शेताला धक्काही लागत नाही, आणि या दुसऱ्या पर्यायात एक पट्टी जाते. हे तुम्हाला नीट समजलं आहे ना, असं त्यांनी दोनदा विचारलं.

बाबा कागदावरच्या पाड्यावर बोट ठेवून म्हणाले, "समाजलंय. पहिल्यान आमचा वाचतो, यांचा बुडतो. म्हनून त्यो माघारी."

निकाल आमच्या मनासारखा पुरता लागला नाही. दोनपैकी एकच तलाव मान्य झाला. पण नाला अरुंद झाला, दक्षिणेचं वळण गेलं, पाड्याच्या वरच्या अंगाला नवा बांध घालायचं कलम आलं, आणि आमच्या खाचराची पट्टी ठरल्याप्रमाणे गेली. ती पट्टी म्हणजे बाबांची लावणीसाठी रोप वाढवायची जागा. मोजणीची माणसं दगड रोवून गेली त्या दिवशी ते जेवायला उशिरा आले आणि नेहमीपेक्षा कमी जेवले. त्यांना वाईट वाटलं नाही असं मी लिहिणार नाही.

अंतिम नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर लावला तेव्हा मी बाबांना आणि पाड्यावरच्या त्या बाईला घेऊन गेले. तिला आधी पाडा दाखवला. त्याचं नाव छापून आलं होतं, बारीक अक्षरात, पण आलं होतं. तिने ते मला वाचायला लावलं, मग स्वतः अक्षरांवरून बोट फिरवलं. तिथून तिचं बोट हळूहळू वर सरकलं आणि आमच्या खाचरातून जाणाऱ्या निळ्या रेघेवर थांबलं. बैठकीला ती आली नव्हती आणि सही करताना तिने आपली घरंच पाहिली होती; ही रेघ तिला पहिल्यांदाच नीट दिसत होती. ती बाबांकडे वळली. चेहरा उतरला होता.

"तुमचे शेतातून ही रेघ कोनी ओढली?"

माझी नजर जमिनीकडे गेली. बाबांनी माझ्या आयुष्यात मला शाबासकी दिल्याचं मला आठवत नाही, शाळेत पहिली आले तेव्हाही नाही, परदेशात गेले तेव्हाही नाही.

"माझे पोरीनी," बाबा म्हणाले, आणि इतक्या मोठ्याने म्हणाले की पलीकडच्या टेबलावरच्या कारकुनाने मान वर करून आमच्याकडे पाहिलं.